अण्णाजींची लाल काडतुसं

१

कन्हाळटोल्याच्या तलावाकाठी रविवारी सकाळी बंदुका वाजायच्याच. गावाला त्याची सवय झाली होती, बांधावरचे बैलही आता बुजत नसत. पण त्या रविवारी एक बार वेगळाच वाजला, पत्रा टरकवावा तसा, आणि पाठोपाठ माणसाची किंकाळी आली.

पोलीस उपनिरीक्षक रीता कुळमेथे तिथे पोचली ती दुसऱ्याच गावाहून. धान कापणाऱ्या एका बाईला वाघाने ओढून नेलं होतं आणि चिडलेल्या लोकांनी वनखात्याची गाडी अडवून धरली होती. तो जमाव कसाबसा शांत करून ती परत निघाली, तोच फोन आला. घरी जाऊन पाठ टेकायची, एवढीच तिची इच्छा होती. ती तिने गाडीतच सोडून दिली.

मूल गावच्या राईस मिलचे मालक अण्णाजी मुनघाटे यांनी तलावाच्या काठावर स्वतःच्या पडीक जमिनीत नेमबाजीचं मैदान केलं होतं. यंत्र मातीच्या चकत्या हवेत भिरकावतं, आणि छर्ऱ्याच्या बंदुकीने त्या उडता-उडता फोडायच्या. पासष्टी उलटली तरी अण्णाजी पोरासोरांपेक्षा जास्त चकत्या फोडत. त्या दिवशी त्यांच्या वडिलांची जुनी दोन नळ्यांची बंदूक त्यांच्याच हातात फुटली होती. उजवी नळी चिरलेल्या बांबूसारखी उघडी पडली होती. जुन्या रीतीप्रमाणे अण्णाजी डावा हात पार पुढे, नळीवर धरत. त्या हाताची दोन बोटं गेली होती.

त्यांना गाडीत घालत होते. चेहरा रक्ताने माखला होता, पण आवाज शाबूत होता.

"बाई," त्यांनी उजव्या हाताने रीताची बाही धरली, "माह्या थैलीतली काडतुसं कोणीतरी बदलवली. स्टील घातलं त्याच्यात. ह्या बंदुकीत म्या जन्मात स्टील घातलं नाई. हा घात हाये."

गाडी चंद्रपूरकडे धुरळा उडवत गेली. रीताने खाली पाहिलं. चामड्याची थैली गवतात तशीच पडली होती, आणि तिच्यातून लाल काडतुसं डोकावत होती.

२

"शिशाचे अन् स्टीलचे दिसायले सारखेच असतात, मॅडम," अण्णाजींची नात दिव्यानी म्हणाली. ती कॉलेजात होती आणि राज्य स्पर्धेची तयारी करत होती. रडून तिचे डोळे सुजले होते. "एकाच कंपनीचे, एकाच लाल रंगाचे. फक्त बुडाजवळ बारीक छापलेलं असते. आबाले ते वाचताच येत नाई, दूरचं चांगलं दिसते, जवळचं नाई."

टिनाच्या शेडमध्ये टेबलावर रीताने थैली रिकामी केली. हवालदार इसरूने ब्लेडने एक काडतूस कापलं. मोहरीपेक्षा थोडे मोठे छर्रे ताटलीत सांडले. दिव्यानीने भिंतीवरच्या कॅलेंडरचं चुंबक काढून ताटलीवर धरलं. छर्रे उड्या मारून त्याला चिकटले.

"स्टील," ती म्हणाली. "शिसं असतं तर हाललं नसतं."

"फरक काय पडते?" इसरूने विचारलं.

"शिसं जड अन् नरम. लांब जाते, चकती मस्त फोडते. अन् नळीतून निघताना दबते, म्हणून जुन्या बंदुकीले त्रास नाई. स्टील दबत नाई. नव्या बंदुका त्याच्यासाठीच बनवते. जुन्या नळीचं तोंड आवळलेलं असते. तिथी ते अडते, नळी फुगते, फाटते."

"मग स्टील आणलंच काऊन इथी?"

दिव्यानीने खिडकीबाहेर तलावाकडे बघितलं. "बदकांसाठी."

चकतीवर झाडलेले छर्रे तलावाच्या काठच्या उथळ पाण्यात पडत. बदकं दाणा दळायला खडे गिळतात, तसे ते छर्रे गिळत. शिसं अंगात भिनलं की मान टाकून मरत. दोन हिवाळे हेच चाललं होतं. तलाव ढीवरांच्या मच्छीमार संस्थेकडे होता. संस्थेचे अध्यक्ष डोमा नान्हे यांनी ग्रामसभेत मागणी केली, स्टील वापरा नाही तर मैदान बंद करा. मेलेलं बदक त्यांनी अण्णाजींच्या टेबलावरच आपटलं. सगळ्यांनी स्टीलला होकार दिला. एकटे अण्णाजी अडून बसले. "ज्या दिवशी स्टील मारीन, त्या दिवशी मिशा भादरीन," असं ते भर सभेत म्हणाले, आणि गाव हसलं.

डोमा हसला नव्हता. "तुमी तलावाच्या जीवावर उठले, आमी बी पाहून घेऊ," असं तो बोलून गेला होता. ते शंभर माणसांनी ऐकलं होतं.

"आन् आज सकाळी डोमा मासे घेऊन ह्याच शेडमध्ये आला होता," दारातून आवाज आला. अण्णाजींचा मुलगा निकेश आत आला. "बाबा बाहेर होते, थैली खिळ्याले लटकून होती. अजून काय पाह्यजे तुमाले?"

रीता काही बोलायच्या आत इसरूचा फोन वाजला. त्याने ऐकलं आणि त्याचा चेहरा उतरला.

"मॅडम, डोमाच्या घरासमोर लोक जमले. संस्थेची जाळी पेटवतो म्हणून राह्यले." निकेश तोवर गाडी काढून तिकडेच निघाला होता.

३

ठाण्यात बाकावर बसलेल्या डोमाच्या अंगाला जळक्या नायलॉनचा वास येत होता. जाळी विझवताना तळहात भाजले होते. रीताने त्याला ताब्यात घेतलं होतं ते अर्धं तक्रारीमुळे आणि अर्धं तो जिवंत राहावा म्हणून. उद्या दुपारी त्याला कोर्टात उभं करावं लागणार होतं. तिथून पुढे तो तिच्या हातात राहणार नव्हता.

"डोमाभाऊ, थैलीले हात लावला होता?"

"नाई."

"शेडमध्ये गेले होते ना?"

"मासे द्याले गेलो. अण्णाजीच्या घरच्या प्रेमिलाबाईनं सांगून ठेवलं होतं, मरळ आणजो म्हणून. टोपली ठेवली, निंगलो." तो पाण्याचा ग्लास तसाच हातात धरून बसला. "बाई, मले जाळ्यातलं समजते. बंदुकीतलं काय समजते? लाल काय, हिरवं काय."

"पाहून घेऊ म्हटलं होतं तुमी."

"म्हटलं. वकील पाहून घेऊ, तहसीलदार पाहून घेऊ. गरिबानं पाहून घेतो म्हटलं तर आणखी काय पाहीन तो?"

रीताने टोपी काढून टेबलावर ठेवली. डोकं दुखत होतं. "सभेनंतर अण्णाजी भेटले होते?"

डोमा जरा घुटमळला. "एकदा आले होते तलावावर. एकटेच. मी डोंगा पाण्यातून काढून राह्यलो होतो. म्हणे, डोमा, यंदा किती बदकं मेली रे? म्या उत्तर नाई देल्लं. टिंगल करून राह्यला असन, वाटलं. पाठ फिरवून गेलो."

"मग?"

"बराच वेळ उभे होते काठावर. पाण्यात हात घालून चिखल उपसून पाहून राह्यले होते. म्हाताऱ्याचं काही हरवलं असन म्हटलं."

रीताने इसरूकडे बघितलं. चिखलात हरवण्यासारखं अण्णाजींचं काय होतं?

४

संध्याकाळी मुनघाट्यांच्या घरी प्रेमिलाबाई तांदूळ निवडत बसल्या होत्या. नवरा दवाखान्यात असताना हातांना काहीतरी काम लागत होतं, एवढंच.

"डोमा असं करणार नाई," त्या आपणहून म्हणाल्या. "निकेशले सांगितलं, तो ऐकत नाई."

"मग कोण करीन?"

त्यांनी मान हलवली. रीताने उगाच घाई केली नाही. तीही एक मूठ तांदूळ ओढून खडे शोधू लागली. 

"डोमानं बदक आपटलं ना सभेत, ते ह्याईनं घरी आणलं होतं," प्रेमिलाबाई म्हणाल्या. "मले वाटलं फेकाले आणलं. मागच्या अंगणात बसून स्वतः चिरलं. पोटातून काय काय काढलं, वाटीत धुतलं, अन् ती वाटी घेऊन बसून राह्यले. जेवले नाई. तवापासून घरात बदक शिजलं नाई. आदी हिवाळ्यात बदकाबिगर घास उतरत नोता त्याईच्या घशाखाली."

"स्टीलची काडतुसं घरी कुठी ठेवता?"

"दोन्ही एकाच कपाटात. लोखंडी हाये, कायद्यानं कुलूप लागते म्हणे. चावी त्याईच्या कंबरेले. झोपले तरी काढत नाई. दिव्यानीले पाह्यजे असली तरी मोजून हातात देतात, मैदानावरच्या बाकीच्याईले बी तसंच."

रीताच्या बोटांत खडा अडकला होता, तो तिने बाजूला टाकला. खिळ्याला लटकलेल्या थैलीतून काडतुसं काढायला कोणीही काढील. पण जागी भरायला स्टील आणणार कुठून? बाजारात ते मिळत नाही. मैदानापुरतं मागवलेलं, तेही कपाटात, कुलपात. डोमा ह्यातून सुटत होता. दिव्यानी राहत होती. पण जिला जुन्या नळीचं सगळं ठाऊक होतं, ती आजोबांच्या हातात ते का देईल?

"स्टील कोण आणून देते तुमाले?"

"रईस. चंद्रपूरचा बंदूकवाला. बंदुकीची दुरुस्ती बी तोच करते." प्रेमिलाबाईंनी सूप खाली ठेवलं. "आज तोबी होता मैदानावर. पण बार झाल्यावर दिसला नाई. कुठी गेला कोणास ठाऊक."

५

सोमवारी सकाळी रईसने दुकानाचं शटर अर्धंच उघडलं होतं. त्याचे वडील, कय्यूमभाई, आत तसबीहचे मणी ओढत बसले होते. त्यांच्या हयातीत जिल्ह्यातली बहुतेक परवान्याची शस्त्रं ह्या दुकानातून गेली होती.

"पळाले काऊन काल?" रीताने उभ्यानेच विचारलं.

"पळालो नाई मॅडम. दुकान उघडाचं होतं."

"रविवारी?"

 रीताने कापडात गुंडाळलेली फुटकी बंदूक काउंटरवर ठेवली. रात्री झोप न आल्याने तिने ती नळी टॉर्च लावून न्याहाळली होती. बाहेरून जुनाट, डाग पडलेली. आतून मात्र नव्या पातेल्यासारखी चकाकत होती.

"हे कोणी घासलं?"

रईसने बापाकडे पाहिलं. कय्यूमभाईंनी मणी थांबवले. "बोल दे बेटा," ते म्हणाले. "छुपाने से लोहा जुडता नहीं."

"अण्णाजींनी सांगितलं होतं," रईस खाली बघत म्हणाला. "हंगामाच्या आदी. नळीचं तोंड मोकळं करून दे, आतला गंज घासून दे. मी नको म्हटलं. लोखंड पातळ हाये, आता भिंतीवर लटकवा म्हटलं. ऐकतात का? आपल्या बापाचे दोस्त, नाई कसं म्हणू? केलं. काल नळी फाटली तर वाटलं माह्याच हातानं झालं. लोक डोमाच्या घरी जाळपोळ करून राह्यले, माह्या दुकानाचं काय केलं असतं, तुमीच सांगा."

"तोंड मोकळं काऊन पाह्यजे होतं त्याईले?"

"म्हणाले, जवळच्या चकत्या फोडाच्या हायेत."

"शिसं मारणारा माणूस आवळलेलं तोंड मोकळं करते का, भाऊ?"

 कय्यूमभाई हळूच म्हणाले, "शिसेवाला क्यों करेगा, बेटी. शिसा तो खुद दब जाता है."

"मग कोण करते?"

"जिसको स्टील चलाना है."

६

अण्णाजींना स्वतंत्र खोली मिळाली होती. डावा हात पांढऱ्या गाठोड्यासारखा उशीवर ठेवला होता. मिशा तेवढ्या नीट विंचरलेल्या होत्या. रीताने खुर्ची ओढली. बसल्यावर तिच्या लक्षात आलं, कालपासून ती नीट बसलीच नव्हती.

"सापडला का?" त्यांनी विचारलं.

"अण्णाजी, काडतुसं स्टीलची हायेत हे तुमाले कसं समजलं?"

"नळी फाटली ना."

"नळी फाटायले चिखलाचा गोळा बी पुरतो. जुनी नळी नुसती गंजून बी फाटते. आमाले चुंबक लावल्यावर समजलं. छापलेलं तुमाले वाचता येत नाई. अन् तुमी तर गाडीत बसाच्या आदीच स्टील म्हटलं."

"अंदाज केला."

"बरं. ते काडतुसं कपाटातले. कपाटाची चावी तुमच्या कंबरेले. रईसनं दिले ते तुमीच कुलपात ठेवले, दिव्यानीले तुमीच मोजून देता. बाहेरच्या माणसाजवळ थैलीत भराले स्टील होतंच कुठी?"

अण्णाजी छताकडे बघत होते.

"बंदुकीचं तोंड तुमीच मोकळं करून घेतलं. डोमाच्या तलावावर जाऊन चिखलात छर्रे शोधले. बदक स्वतः चिरलं, अन् तवापासून खाल्लं नाई. थैली कोणीच बदलवली नाई, अण्णाजी. ती तुमीच भरली. तुमी शिसं सोडलं होतं. फक्त कोणाले सांगितलं नाई."

नर्स आत आली, सलाईन बघून गेली. 

"त्या बदकाच्या पोटात," अण्णाजी म्हणाले, "घासून घासून चमकून राह्यले होते छर्रे. मोत्यासारखे. माहा बाप म्हणे, जे खाशीन तेवढंच मारजो. अन् म्या न पाहता, न खाता, किती मारले. चकत्या फोडता फोडता." त्यांनी डोळे मिटले. "स्टील घ्याचं ठरवलं. निकेशनं नवी बंदूक आणली होती. पण ती हातात घेतली की वाटे, आपण कोणी दुसरेच हावो. बापाची बंदूक बी नोती सोडाची, अन् सभेत बोललो ते बी नोतं गिळाचं. तोंड मोकळं केलं, घासून घेतली. वाटलं, निभन. कोणाले समजणार बी नाई."

"अन् फुटल्यावर?"

"फुटल्यावर सारे धावून आले. आता ह्याईले समजन, अण्णा मुनघाटे लपून स्टील मारते. तोंडातून निंगून गेलं, घात झाला म्हणून. मंग परत कसं घेऊ?" ते थांबले. "म्या डोमाचं नाव नाई घेतलं, बाई."

"घ्याची गरजच नोती. गावानं घेतलं. त्याईची जाळी जाळली."

अण्णाजींनी मान वळवली. हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं, ते दिसलंच. "सारी?"

"सारी. डोमाचे हात भाजले. माणसं तुमच्या मिलची होती. निकेश तिथी उभा होता."

म्हातारा उठून बसायला धडपडला, दुखावला, परत पडला. "पोराचं नाव काढा त्यातून," तो म्हणाला. आवाजातली सगळी ऐट गेली होती. "मी सांगतो सारं. लिवून देतो. मिशा काढा म्हणाल तर काढतो. पण पोराले सोडा."

रीता इतकी थकली होती की क्षणभर तिला ते बरं वाटलं. एक कागद, एक सही. डोमा बाहेर, निकेश बाहेर, गाव शांत, आणि ती घरी. असे सौदे तिने होताना पाहिले होते.

"नाई, अण्णाजी," ती म्हणाली. "तुमाले खरं सांगाचं असन तर सांगा. नसन तर मी रईसचा जबाब घेऊन कोर्टात उभी राहीन. पण जाळीचं वेगळं हाये. ते ज्यानं केलं त्याच्याच नावावर राहीन."

बाहेर व्हरांड्यात कोणाचं तरी बाळ रडत होतं. अण्णाजी ते ऐकत पडून राहिले. मग त्यांनी उजवा हात पुढे केला.

"लिवा," ते म्हणाले. "पहिल्यापासून लिवा. बदकापासून."

७

दुपारच्या आत रीता ठाण्यात परतली. कोर्टात डोमाला नाही, अण्णाजींचा जबाब घेऊन इसरूला पाठवलं. वकिलासोबत निकेश येऊन बसला होता. त्याने जबाबाची प्रत वाचली, पुन्हा वाचली, आणि जाळीच्या गुन्ह्यासाठी तिने दाखवलेल्या बाकावर जाऊन बसला. सकाळपर्यंत त्याच बाकावर डोमा होता.

डोमाला तिने सगळं सांगितलं. काहीच गाळलं नाही. चिखल उपसणारा म्हातारा, वाटीतले छर्रे, घासलेली नळी. डोमा मलम लावलेले हात मांडीवर उताणे ठेवून ऐकत होता. राग येईल असं तिला वाटलं होतं, तो आला नाही. निदान चेहऱ्यावर तरी नाही.

"म्हणजे माह्यं ऐकलं होतं त्यानं," तो शेवटी म्हणाला.

"हो."

"मंग एवढं लपवाचं काय होतं? चांगलं काम बी माणूस चोरून करते का?"

 रीताने त्याच्या सुटकेच्या कागदावर अंगठ्यासाठी शाईचा डबा सरकवला, मग त्याचे भाजलेले हात पाहून परत ओढून घेतला आणि पेन दिलं. त्याने दोन बोटांत धरून कशीबशी सही केली.

"चला, गाडीनं सोडते घरी. ऊन हाये."

"गाडी नको, बाई." डोमा उठला. "आणलं तेव्हा गाडीतच आणलं होतं, साऱ्या गावानं पाह्यलं. आता पायी जातो. बाजारातून जातो. सुटलो ते बी पाहू द्या लोकाईले."

तो पायऱ्या उतरून रस्त्याला लागला. बाजार भरत होता. पानठेल्यावरची माणसं बोलता बोलता थांबली आणि त्याच्याकडे पाहू लागली. डोमाची चाल जराशी अडखळली.

रीताने आत टेबलावर साचलेल्या कागदांकडे बघितलं. पाय सुजून बुटात घट्ट झाले होते. तिने टोपी डोक्यावर चढवली, पायऱ्या उतरली, आणि डोमाला गाठून त्याच्या बाजूने, सगळ्यांना दिसेल अशी, हळूहळू चालू लागली.